मागे उडी मारणारी बोट

बंदराच्या रस्त्यावर दोरखंडांचे दुकान आणि डिझेल इंजिनांचे गॅरेज यांच्यामध्ये एक अरुंद खोली आहे. तिच्या दारावर पाटी नाही, आणि पाटीवाचून कोणाचे अडतही नाही. ज्याच्या बोटीवरचे एक यंत्र दुसऱ्या यंत्राशी बोलेनासे होते, त्याला बंदरातला कोणीही हाताला धरून तेथे आणून सोडतो. आत एक लांब टेबल, भिंतीवर रंगाप्रमाणे लावून टांगलेल्या वायरी आणि खिडकीपाशी एक लहानसा पडदा. आसपासच्या बोटी आपापला ठावठिकाणा रेडिओवरून सतत जाहीर करत असतात. त्या या पडद्यावर इवल्या इवल्या त्रिकोणांच्या रूपाने सरकताना दिसतात. टेबलामागे बसणाऱ्या बाईला सारे बंदर जोडणीताई म्हणते.

जोडणीताईचा धंदा सांगायला सोपा आणि करायला किचकट. कोणतीही बोट आपली सगळी यंत्रे एकदम विकत घेत नाही. आपण कोठे आहोत हे सांगणारा जीपीएस एका वर्षी येतो, पाण्याची खोली मोजणारे यंत्र दुसऱ्या वर्षी, दिशा सांगणारे होकायंत्र आधीच्या मालकाने बसवलेले असते, आणि प्रत्येकाचा कारखाना निराळा. तरीही या सगळ्यांची बोली पुष्कळशी एक आहे. प्रत्येक यंत्र एक ओळ बोलते: आधी मी कोण ते सांगते, मग आपले म्हणणे मांडते आणि ऐकणाऱ्याला पडताळा घेता यावा म्हणून शेवटी एक बेरीज जोडते. नियम एवढाच, की एका तारेवर ऐकणारे कितीही चालतील, पण बोलणारा एकच हवा. दोन बोलणाऱ्यांच्या तारा एकत्र पिळल्या, की दोघांच्याही ओळींचा चिवडा होतो आणि कोणालाच काही कळत नाही.

म्हणून मध्ये एक पेटी बसवावी लागते. तिला अनेक कान आणि एक तोंड. ती प्रत्येकाची ओळ पुरी होऊ देते आणि मग सगळ्यांच्या ओळी एकामागून एक पुढे पाठवते. धंद्यात तिला मल्टिप्लेक्सर म्हणतात. जोडणीताई तिला ‘सभापती’ म्हणते. हे नाव तिला घरी जेवताना सुचले. घरात माणसे तीन: ती, तिचे वडील आणि वडिलांची थोरली बहीण; पण जेवायला बसल्यावर तिघांचा आवाज तेरा जणांसारखा होई. अशा वेळी ती डाव उचलून म्हणायची, “एकेकानं बोला. आत्या, आधी तू. तुझं सगळ्यांत लांब असतं.”

वडील फेरीबोटीचे कप्तान. बंदर आणि समोरचे बेट यांच्यामध्ये त्यांनी आयुष्य काढले होते. बेटावर घरे होती. शाळा, दवाखाना आणि बाजार इकडे होते. त्यामुळे फेरी बंद म्हणजे बेट बंद. अशा मार्गावर इतकी वर्षे सुकाणू धरल्यामुळे कप्तानांच्या बोलण्यात एक प्रकारचा ठामपणा आला होता. घरातही ते खुर्चीवर बसत नसत, खुर्ची धक्क्याला लावत.

मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतर त्यांना लांबचे लख्ख दिसू लागले. जवळचे मात्र धूसर झाले. आता समुद्राकडे पाहायचे तर चष्मा काढायचा आणि यंत्राचा आकडा वाचायचा तर लावायचा. उन्हासाठी आणखी एक चष्मा होताच. दोन्ही दोऱ्यांनी गळ्यात लोंबत. केबिनमध्ये यंत्रेही चार दिशांना: जीपीएस डावीकडे खिडकीच्या वर, खोलीचे यंत्र गुडघ्यापाशी, रडार उजव्या खांद्यामागे आणि होकायंत्र समोर. हवा स्वच्छ असली म्हणजे कशाकडेच पाहावे लागत नसे. धुक्यात मात्र प्रत्येक आकड्यासाठी मान वळवा, चष्मा चढवा, वाचा, चष्मा उतरवा, असा व्यायाम होई.

गेल्या मोसमात हा व्यायाम चालू असतानाच बोट खाडीच्या तोंडावर वाटेची खूण म्हणून तरंगणाऱ्या लाल बोयापाशी नको तितकी जवळ गेली होती. पुढे उभ्या असलेल्या खलाशाने आरोळी ठोकली, कप्तानांनी सुकाणू वळवले आणि काही झाले नाही. पण उतारूंनी पाहिले होते. फेरीसेवेच्या व्यवस्थापकांनी कप्तानांना बोलावून, चहा देऊन, अत्यंत नम्रपणे सांगितले, की यंदा धुके पडू लागण्याआधी बंदराचे निरीक्षक त्यांच्यासोबत एक फेरी करतील. निरीक्षकांचे समाधान झाले तर सुकाणू त्यांच्याकडेच राहील. न झाल्यास धक्क्यावर त्यांच्यासाठी काम आहेच.

“धक्क्यावर काम!” कप्तान घरी येऊन म्हणाले. “मी काय तिथं बसून दुसऱ्यांच्या बोटींना टाटा करू?”

“त्यात वाईट काय?” आत्या म्हणाली. “सावली असते, पंखा असतो, वेळेवर डबा खाता येतो.”

“आक्का, तू जा मग. पंखा तुला लागतो.”

जोडणीताईचे लक्ष वडिलांकडे होते. वडील ताटातले बोटाने इकडचे तिकडे करत होते, जेवत नव्हते. वडिलांना अन्नाशी खेळताना तिने पूर्वी एकदाच पाहिले होते, आई गेली त्या आठवड्यात. ताटे उचलता उचलता तिने मनातले बोलून टाकले.

“बाबा, तुमचे डोळे अधू नाहीत. तुमची केबिन अधू आहे. चार यंत्रांचं बोलणं मी एका पडद्यावर आणते. मोठा पडदा, तुमच्या समोर, हातभर लांब. आकडे एवढे मोठे, की चष्मा लागणारच नाही.”

“नको.”

“का?”

“आत्ता चार यंत्रं चार जागी आहेत. एक खोटं बोलायला लागलं, तर बाकी तिघांवरून मला कळतं. तू सगळ्यांना एका पडद्यावर आणलंस, की कोण बोलतंय हेच कळायचं नाही. सगळं गोड वाटेल आणि बोट खडकावर जाईल.”

“असं काही होत नाही.”

“तुझ्या दुकानात होत नसेल. समुद्र तुझ्या दुकानात येत नाही.”

शब्दाला शब्द लागला. शेवटी आत्याने मध्ये पडून निवाडा दिला. “अरे, पोरगी साऱ्या बंदराच्या बोटी जोडते आणि तुझीच तेवढी नको? लोक काय म्हणतील? बापाचाच हिच्यावर विश्वास नाही, म्हणतील.”

कप्तान हात धुवायला उठले आणि पाठमोरेच म्हणाले, “रविवारी बोट मोकळी असते.”

त्या रविवारी जोडणीताईने केबिनचे पोट उघडले. पुढच्या फळीमागे कित्येक वर्षांच्या वायरी गुंतवळासारख्या बसल्या होत्या. काही कोठून येत होत्या, काही कोठेच जात नव्हत्या. तिची रीत ठरलेली होती. एक वायर हातात घ्यायची, तिचे दुसरे टोक सापडेपर्यंत दुसरीला हात लावायचा नाही, आणि सापडले की दोन्ही टोकांना एकच चिठ्ठी चिकटवायची. बोटीवरचा खलाशी कप्तानांच्याच वयाचा, आणि हयातभर कप्तानांची थट्टा करण्याचा परवाना मिळालेला एकमेव माणूस. तो दारात बसून बघत होता.

“ताईसाहेब, एवढ्या वायरी काढल्यात. बोट तरंगेल ना?”

“तुम्ही उतरलात तर नक्की तरंगेल.”

“आणि कप्तानांच्या चष्म्यांचं काय? मी म्हणत होतो, तिसरा घ्या. हे दोन शोधायला.”

संध्याकाळपर्यंत काम उरकले. जीपीएस, होकायंत्र आणि खोलीचे यंत्र यांच्या बोलण्याच्या तारा सभापतीच्या तीन कानांत गेल्या. रडार तेवढे तिने त्याच्या जागी राहू दिले. त्याचे चित्र या बोलीत मावणारे नव्हते. सभापतीच्या तोंडातून निघालेली तार समोरच्या मोठ्या पडद्याला मिळाली. हा पडदा म्हणजे प्लॉटर. त्यावर समुद्राचा नकाशा आणि नकाशावर आपली बोट दिसते. कप्तानांनी प्लॉटरवर मार्ग आखला, की तो ऑटोपायलटला, म्हणजे सुकाणू आपोआप वळवणाऱ्या यंत्रालाही कळायला हवा होता. म्हणून तिने प्लॉटरच्या बोलण्याची तार सभापतीच्या चौथ्या, रिकाम्या कानात घातली आणि सभापतीचे म्हणणे ऑटोपायलटलाही ऐकवले. सगळ्यांचे सगळ्यांना कळू द्यावे, असा तिचा साधा हिशेब होता. सभापतीची पेटी, तिचे चार छोटे हिरवे दिवे आणि सगळा वायरींचा पसारा तिने फळीमागे बंद केला. केबिन पाहुणे येणार असल्यासारखी नीटनेटकी दिसू लागली.

धक्क्याला बांधलेल्या बोटीत तिने प्रत्येक आकडा जुन्या पडद्याशी ताडून पाहिला. खोली बरोबर, दिशा बरोबर, नकाशावरची बोट नेमकी धक्क्यापाशी. कप्तानांनी दोन्ही चष्मे काढून पडद्याकडे पाहिले आणि ते म्हणाले, “आकडे मोठे आहेत.” त्यांच्या तोंडून एवढे निघणे म्हणजे सत्कारच होता. ती रात्रभर शांत झोपली.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या फेरीनंतर खलाशी धापा टाकत दुकानात आला. “ताईसाहेब, चला. बोट मागं उड्या मारतेय.”

“काय मारतेय?”

“उड्या. मागं. पडद्यावर. कप्तानांनी पडद्यावर टॉवेल टाकलाय.”

तिने धावत जाऊन टॉवेल काढला. बोट धक्क्याला होती आणि पडद्यावरही ती धक्क्याला निवांत उभी होती. पण खलाशी शपथेवर सांगत होता: बोट चालू लागली, की पडद्यावरची बोट दोन पावले पुढे जाई आणि एकदम मागे फेकली जाई, पुन्हा पुढे, पुन्हा मागे. ऑटोपायलट लावला तेव्हा तर त्याने बावरून सुकाणूला असे झटके दिले, की एका आजोबांच्या हातातली पिशवी पडली आणि कांदे डेकभर झाले.

“इतकी वर्षं समुद्रात काढली,” कप्तान म्हणाले, “पण बोटीला मागं उडी मारता येते, हे मला माहीत नव्हतं.” त्यांच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर तिला बरे वाटले असते. “निरीक्षक परवा यायचेत. तू ते सगळं काढून टाक आणि होतं तसं कर. मी चष्मा लावीन.”

“परवापर्यंत वेळ द्या, बाबा.”

“आणि नाहीच सापडलं तर? अर्धं तुटलेलं, अर्धं जोडलेलं घेऊन मी त्यांच्यासमोर उभा राहू?”

“नाहीच सापडलं, तर उद्या संध्याकाळी मी स्वतः सगळं जुनं करून देते.”

कप्तानांनी मान हलवली. पण ती होकाराची की कशाची, हे तिला कळले नाही. चष्मा बदलता बदलता हा माणूस परवा निरीक्षकांसमोर चाचपडणार आणि मग उरलेले आयुष्य पंख्याखाली बसून दुसऱ्यांच्या बोटी बघणार, हे चित्र मात्र तिला स्पष्ट दिसले. आणि आता त्यात तिचा हात असणार होता.

दिवसभर तिने डोळ्यांत तेल घालून शोधले. जीपीएसचा अँटेना तपासला, वीजपुरवठा मोजला, प्रत्येक सांधा उघडून पुन्हा बसवला. एकेकटे तपासले, की प्रत्येक यंत्र खरे बोलत होते. एकत्र आले, की बोट धक्क्याला असेपर्यंत सगळे खरे बोलत आणि बोट सुटताच कोणीतरी थाप मारी. दुसऱ्या दिवशी दुपारी ती जेवायला घरी आली, तेव्हा तिने जवळजवळ हात टेकले होते.

आत्या उत्साहाने नुसती उतू चालली होती. “अगं, ऐकलंस का? तू उगीच जिवाला लावून घेतलंस. तुझ्या बाबांची एकट्याची बोट नाही काही बिघडलेली! पलीकडच्या धक्क्यावर आणखी एक बोट आहे. तीसुद्धा मागं पळते. आणि ती तर किनाऱ्यापर्यंत मागं आली, म्हणे!”

“कोण सांगत होतं?”

“खालची शिंपीणबाई.”

“तिला कोणी सांगितलं?”

“औषधाच्या दुकानातल्या माणसानं. तो काय खोटं बोलायचा? शिकलेला आहे.”

“आणि त्याला?”

“त्याला…” आत्याचा घास हातात राहिला. “त्याला काल मीच नाही का सांगितलं. गोळ्या आणायला गेले होते तेव्हा.”

“आत्या, म्हणजे पलीकडच्या धक्क्यावर बोटच नाही. तुझीच बातमी गावभर फिरून, तिखटमीठ लावून तुझ्याच कानावर आली. आणि तुला वाटलं, ही दुसरी बोट.”

“तर तर! मला काय ठाऊक ती माझीच आहे म्हणून? तिच्यावर काय माझं नाव लिहिलं होतं?”

जोडणीताई हसली, पाण्याचा पेला उचलला आणि तो तसाच खाली ठेवला.

प्लॉटर जीपीएसकडून आपली जागा ऐकतो आणि मार्गाबरोबर ती जागा स्वतःच्या ओळीतही बोलतो. ती ओळ तिनेच सभापतीच्या चौथ्या कानात घातली होती. सभापती बिचारा कोणाचेच बोलणे अडवत नाही. तो ती ओळ आपल्या पाळीने सगळ्यांना ऐकवतो, प्लॉटरलाही. तोवर बोट पुढे गेलेली असते. म्हणजे प्लॉटरला जीपीएसची ताजी जागा ऐकू येते आणि पाठोपाठ स्वतःचीच मघाची शिळी जागा. आणि ती आपलीच आहे हे त्याला ओळखता येत नाही. मग तो बोट मागे नेऊन ठेवतो. धक्क्याला बांधलेल्या बोटीची मघाची जागा आणि आताची जागा एकच, म्हणून रविवारी सारे बरोबर वाटले होते. उभ्या बोटीवर ही चूक कधीच सापडणार नव्हती.

“जेवण टाकून कुठं निघालीस?” आत्या ओरडली.

“तुझी बातमी थांबवायला.”

दुपारची फेरी सुटायच्या बेतात होती. ती केबिनमध्ये शिरली आणि फळी उघडून खाली बसली. “बाबा, नेहमीसारखे चला. पडद्याकडे बघत राहा आणि मी म्हणेन तेव्हा काय दिसतं ते सांगा.”

कप्तानांनी दोर सोडायला सांगितले. बोट धक्क्यापासून सुटली.

“उडी,” ते म्हणाले. “पुन्हा उडी.”

तिने चौथी तार ओढून काढली. “आता?”

कप्तान पडद्यावर नजर खिळवून होते. इंजिनाची धडधड तेवढी ऐकू येत होती. “पुढं चाललीय,” शेवटी ते म्हणाले. “सरळ पुढं.”

तिने तार परत लावली.

“उडी! अगं, काढ ती! लोकांचे कांदे पडतील!”

परतीच्या वाटेवर तिने त्यांना सगळे समजावून सांगितले. कप्तान समुद्रावरची नजर न हलवता ऐकत होते. सारे ऐकून झाल्यावर त्यांनी एवढेच विचारले, “म्हणजे आक्कासारखं?”

“अगदी आत्यासारखं.”

“मग असं सरळ सांग ना. ते कान आणि तोंड कशाला?”

बोट बांधल्यावर तिने ऑटोपायलटला सभापतीकडून आलेली तार काढली आणि तिच्या जागी प्लॉटरची तार थेट जोडली. मार्ग ज्याला हवा त्यालाच आता कळणार होता. हे झाल्यावर ती उघड्या फळीसमोर उगीच बसून राहिली. तिला वडिलांचे ते वाक्य आठवत होते: कोण बोलतंय हेच कळायचं नाही. त्या दिवशी तिने ते हट्ट समजून सोडून दिले होते. पण दोन दिवस तीच तर शोधत होती, की यातले खोटे कोण बोलते. आणि सगळे एका पडद्यावर आल्यामुळेच तिला ते दिसत नव्हते.

“बाबा, तुम्ही म्हणत होतात त्यात तथ्य होतं,” ती म्हणाली.

“कशात?”

“चार यंत्रं चार जागी असण्यात.”

कप्तानांनी तिच्याकडे असे पाहिले, की जणू क्षितिजावर अनोळखी जहाज उगवले आहे. त्यांनी हे वाक्य तिला पुन्हा म्हणायला लावले नाही. हा त्यांचा मोठेपणा.

मग तिने दोन गोष्टी केल्या. गुडघ्यापाशी असलेला खोलीच्या यंत्राचा स्वतःचा छोटा पडदा तिने उचलून होकायंत्राशेजारी आणला आणि त्यावर फक्त एक मोठा आकडा ठेवला. मोठा पडदा विझला तरी खोली दिसत राहावी म्हणून. आणि फळीमागे लपवलेली सभापतीची पेटी बाहेर काढून मोठ्या पडद्याच्या बाजूला, नजरेच्या उंचीवर बसवली. प्रत्येक कानाला एक हिरवा दिवा होता आणि ज्याची ओळ येई त्याचा दिवा लुकलुके. दिव्यांखाली तिने जाड अक्षरांत चिठ्ठ्या लावल्या: जीपीएस, दिशा, खोली. चौथ्यावर काळी चिकटपट्टी.

“हे काय दिसतंय का शोभून?” खलाशी म्हणाला. “सगळीकडं ही पेटी खाली दडवतात.”

“आम्ही वर ठेवतो,” कप्तान म्हणाले, आणि चष्म्याला हात न लावता त्या तीन दिव्यांकडे बघत राहिले.

दुसऱ्या दिवशी सकाळी निरीक्षक आले. शांत, काटेकोर गृहस्थ. हातात जाड कापडाची गुंडाळी. बोटीवर उतारू नव्हते. खाडीच्या तोंडाशी येताच निरीक्षकांनी ते कापड केबिनच्या पुढच्या काचांवर लावले; खलाशी बाहेर बोटीच्या नाकावर उभा राहिला, संकट दिसले तर ओरडण्यासाठी. आता आतून पाहता जग संपले होते. जोडणीताई मागच्या दाराशी पाठ टेकून उभी होती. तिचा जीव टांगणीला लागला होता.

कप्तान पडद्याकडे बघत सावकाश निघाले. त्यांची मान इकडेतिकडे होत नव्हती, हात गळ्यातल्या दोऱ्यांकडे जात नव्हते. लाल बोया डाव्या अंगाला ठेवून बोट वळली आणि बाहेरून खलाशाचा आवाज आला, “बोया झक्कास मागं पडला!” त्याने ओरडायचे ते फक्त संकटात, असे ठरले होते, पण त्याला ठरलेले कधीच पाळता येत नसे.

तेवढ्यात निरीक्षक एक शब्दही न बोलता वाकले आणि त्यांनी फळीखालचा एक फ्यूज काढला.

पेटीवरचा पहिला दिवा लुकलुकायचा थांबला आणि पडद्यावरची बोट होती तेथे थिजली. पडदा तक्रारीचा सूर काढणार, तोच कप्तान बोलले, “जीपीएस गप्प झाला.” त्यांनी इंजिन मंद केले. “बाकी दोघं बोलताहेत.”

“मग आता काय करणार?” निरीक्षकांनी विचारले.

“आता त्या दोघांचं ऐकणार. दिशा ही अशी धरायची. तळ अजून खोल आहे. बेटाच्या बाजूनं वाळूचा उंचवटा आला, की आकडा उतरतो, मग उजवीकडं घ्यायचं. उंचवटा हरवला तर थांबायचं आणि भोंगा वाजवायचा. जायचंच, असं कुठं लिहिलंय?”

बोट हळूहळू चालली. लहान पडद्यावरचा खोलीचा आकडा बराच वेळ हलेना. जोडणीताईला वाटले, उंचवटा सुटला. कप्तानांचा हात भोंग्याच्या दोरीकडे गेला आणि तेथेच थांबला. आकडा कमी झाला. आणखी कमी झाला. त्यांनी सुकाणू उजवीकडे घेतले.

थोड्या वेळाने निरीक्षकांनी कापड काढले. समोर बेटाची जेट्टी होती. अगदी नाकासमोर नव्हे, थोडी डावीकडे, पण भल्या माणसासारखी जवळ.

निरीक्षकांनी फ्यूज जागेवर बसवला आणि पेटीकडे बोट केले. “ही अशी वर बसवलेली मी प्रथमच पाहतोय. कारण?”

जोडणीताई उत्तर जुळवू लागली होती. पण वडीलच आधी बोलले. “ते आमचे सभापती आहेत, साहेब. सभापतींना कोणी टेबलाखाली बसवतं का?”

निरीक्षक हसले. मग पुन्हा काटेकोर होऊन त्यांनी निर्णय सांगितला: या धुक्याच्या मोसमाला परवानगी, पुढच्या वर्षी डोळ्यांची तपासणी आणि ही फेरी, दोन्ही पुन्हा. कप्तानांनी मान तुकवली. “पुढच्या वर्षीचं पुढच्या वर्षी,” ते म्हणाले. “यंदाचं यंदा मिळालं.”

त्या संध्याकाळी आत्याने औषधाच्या दुकानात जायचे निमित्त काढले. कोणी तिला अडवले नाही. शिंपीणबाईने वरच्या मजल्यावर येऊन सांगितले, की कप्तानांनी म्हणे डोळ्यांवर पट्टी बांधून बोट बेटाला नेली. आत्याने तिच्यापेक्षाही अधिक आश्चर्य दाखवले.

मग एक दिवस धुके आले. सकाळी जोडणीताईने दुकान उघडले तेव्हा रस्त्यापलीकडचा धक्का दिसत नव्हता. गॅरेजमधल्या माणसांचे आवाज येत होते, माणसे नव्हती. फेरीचा भोंगा वाजला, इंजिनाची धडधड दूर गेली आणि पांढऱ्यात मिसळून गेली. ती आत आली, वायरीचे एक टोक हातात घेतले आणि दुसरे न शोधता खिडकीपाशी उभी राहिली.

पडद्यावर वडिलांचा त्रिकोण धक्क्यापासून सुटला होता. तो लाल बोयाशी वळला, बेटाकडे निघाला, एकदाही मागे न हटता. दाराच्या आतल्या खिळ्याला काहीतरी लोंबत होते, ते तिला तेव्हा दिसले. वाचायचा चष्मा, दोरीसकट. दुकानाची दुसरी किल्ली वडिलांकडे असे; सकाळी जाताना ते तो अडकवून गेले असावेत. विसरून की मुद्दाम, हे विचारण्यात अर्थ नव्हता, कारण खरे उत्तर मिळाले नसते. लांबवर, बेटाच्या बाजूला, पोहोचल्याचा भोंगा वाजला. तिने वायर पुन्हा उचलली आणि तिचे दुसरे टोक शोधू लागली.